सोसायटीत सामायिक ई-स्कूटर आणण्यापूर्वीची तयारी

पुण्यातील आमच्या सोसायटीत भाड्याच्या सामायिक ई-स्कूटर आणण्याचा पहिला प्रयत्न दीड महिन्यात गुंडाळावा लागला. तेव्हा सचिव मीच होतो, म्हणून ही यादी लिहिण्याचे कामही माझ्याकडे आले आहे.

सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, हे सांगायला नको. वार्षिक सभेत विषय घ्यायचा असेल तर 14 दिवसांची नोटीस धरून चालावे, आणि ठरावात जागा, गाड्यांची संख्या व मुदत स्पष्ट लिहावी. अन्यथा पाहुण्यांच्या पार्किंगवरून वर्षभर भांडणे निस्तरावी लागतात.

गाड्या जिथे उभ्या राहणार, तिथे मोबाइलची रेंज तपासावी. हेच आम्ही केले नाही. ऊन-पाऊस लागू नये म्हणून आम्ही मोठ्या कौतुकाने दुसऱ्या तळघरातील कोपरा दिला. अशा गाडीत स्वतःचे सिमकार्ड आणि जीपीएस असते, आणि कुलूप उघडण्या-लावण्याचा आदेश अॅपकडून सर्व्हरमार्गे गाडीपर्यंत जातो. तळघरात दोन्ही बंद पडल्यामुळे गाडी जागेवर लावूनही फेरी संपत नसे, भाडे चालूच राहत असे आणि सदस्य बिले घेऊन माझ्या दारात येत. मग आम्ही वायफाय बसवले, पण त्याने रेंज मिळाली ती फोनला, गाडीला नव्हे. म्हणून आपल्या फोनवर दोन दांड्या दिसल्या एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्यक्ष गाडी त्या जागी नेऊन फेरी सुरू करावी, संपवावी, आणि हे सकाळी व रात्री दोन्ही वेळा करावे. जमिनीवरची जागा मिळत असेल तर तीच घ्यावी, मग पत्र्याची शेड घालावी लागली तरी चालेल.

चार्जिंगसाठी महावितरणकडून स्वतंत्र मीटर घ्यावा, कारण कॉमन मीटरवरून वीज दिली की गाडी न वापरणारेही तिचे पैसे भरतात. स्कूटरचा चार्जर लहान असतो. पण पुढेमागे मोटारी येणार असतील तर 3.3 किलोवॉटचे पाच चार्जर म्हणजे साडेसोळा किलोवॉट, आणि संध्याकाळी लिफ्ट व पाण्याचा पंप चालू असताना मंजूर भार तेवढा पेलेल का, हे आधी पाहावे. अर्थिंगची तपासणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी, वॉचमनच्या ओळखीच्या वायरमनकडून नव्हे.

ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर असलेली गाडी चालवायला परवाना लागत नाही, त्यामुळे आठवी-नववीतील मुले आईच्या फोनवरून ती काढतात. वयाची अट करारातच घालावी.

विमा, हेल्मेट, बंद पडलेली गाडी किती तासांत उचलणार, हेही तिथेच. रेंजअभावी वाढलेले भाडे कंपनी परत करेल, हे कलम विसरू नये. सहीच्या दिवशी कंपनीचा माणूस कार्यालयात चहा घेत बसला असेल, तर त्याला आधी गाडीसकट खाली न्यावे.