क्री शब्द इंग्रजी अर्थांवरून शिकताना या चुका टाळा

कॅनडात अल्बर्टापासून पूर्वेला लॅब्राडोरपर्यंत बोलल्या जाणाऱ्या क्री भाषेतील रोजचे शब्द आपल्या हाती बहुधा इंग्रजी अर्थांच्या यादीतूनच येतात. नवशिक्यांच्या पुष्कळशा चुकांचे मूळ मात्र त्या शब्दांत नसून समोर लिहिलेल्या अपुऱ्या अर्थात असते. पुढील उदाहरणे मुख्यतः प्लेन्स क्री या बोलीतील आहेत.

यादीत ‘निकाविय्’ या शब्दापुढे नुसते ‘मदर’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘माझी आई’ असा आहे आणि ‘तुझी आई’ म्हणायचे असल्यास ‘किकाविय्’ म्हणावे लागते. त्यामुळे त्याला आणखी एक ‘माझी’ जोडू नये. ‘निस्तेस्’ म्हणजे केवळ ‘ब्रदर’ नव्हे, तर ‘माझा थोरला भाऊ’. ‘निमिस्’ ही थोरली बहीण. आणि ‘निसीमिस्’ हे धाकटे भावंड, मग तो मुलगा असो वा मुलगी. दादा आणि ताई म्हणणाऱ्या मराठी माणसाने हा भेद इंग्रजीच्या वाटेने जाऊन हरवावा, हे जरा विचित्रच आहे. ‘वुई’ या शब्दाचेही तसेच होते: ऐकणाऱ्याला धरून असलेले ‘आपण’ म्हणजे ‘कियानव्’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ म्हणजे ‘नियनान्’. इथे इंग्रजी अर्थ खोडून सरळ मराठी लिहावा.

सर्वांत चिवट चूक सजीव-निर्जीव नामांची आहे. व्याकरणातला हा भेद केवळ अर्थावरून ओळखता येत नाही. दगड, म्हणजे ‘असिनिय्’, सजीव वर्गात मोडतो आणि त्याचे अनेकवचन ‘असिनियक्’ होते. जोडा, म्हणजे ‘मस्किसिन्’, निर्जीव असल्यामुळे त्याचे ‘मस्किसिन’ होते, ज्यातला शेवटचा ‘न’ पूर्ण उच्चारायचा. मोजा मात्र पुन्हा सजीव! क्रियापदही नामाच्या वर्गानुसार बदलते: दगड पाहिला तर ‘निवापमाव्’, जोडा पाहिला तर ‘निवापह्तेन्’. दगड पुल्लिंगी आणि वीट स्त्रीलिंगी का, याचे उत्तर आपण मराठीत शोधत बसत नाही. इथेही नाम अनेकवचनासह पाठ करावे.

रोमन लिपीतील दीर्घ स्वरांच्या खुणा गाळू नयेत. ‘निपिय्’ म्हणजे पाणी आणि ‘नीपिय्’ म्हणजे पान. ‘सकहिकन्’ म्हणजे खिळा आणि ‘साकहिकन्’ म्हणजे सरोवर. वहीत देवनागरीत टिपून ठेवल्यास हा घोटाळा बराचसा टळतो.

शेवटी, बोलींची सरमिसळ करू नये. ‘मी’ हा शब्द प्लेन्स क्रीत ‘नीय’, स्वॅम्पी क्रीत ‘नीन’ आणि मूस क्रीत ‘नील’ असा होतो. दोन याद्यांत एकाच अर्थापुढे निरनिराळे शब्द दिसले, तर एक चुकीचा ठरवण्याआधी त्यांत केवळ य, न, ल यांचीच अदलाबदल झाली आहे का, हे तपासावे.