सोसायटी नेमकी चालवतं कोण? संघटनेवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

समाजशास्त्राच्या प्रोजेक्टला 'संघटना' हा विषय मिळाला की निम्मी पोरं पुण्याजवळच्या हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे पळतात, कारण तिथे कुणाचा तरी दादा कामाला असतो. मग होतं काय, एचआरवाले लॉबीत बसवून कॉफी पाजतात, एक पीपीटी मेल करतात, आणि तीच पीपीटी मराठीत उतरवून तिसरं प्रकरण तयार होतं. एवढ्यासाठी पीएमपीएमएलच्या बसचे धक्के खाऊ नका. जवळचं काहीतरी घ्या. हाउसिंग सोसायटी, गणेश मंडळ, ढोल-ताशा पथक, पतसंस्था, काहीही चालेल, फक्त तीन गोष्टी बघा: माणसं ठरलेल्या निमित्तानं एकत्र येतात का, काहीतरी कागदावर लिहिलं जातं का, आणि तुम्ही काम नसताना तिथे घुटमळलात तर कुणी हाकलणार तर नाही ना. मी इथे सोसायटी धरून सांगतो कारण ती पुण्यात गल्लोगल्ली आहे आणि भांडणांना तोटा नाही.

स्वतःची सोसायटी घ्यायची का? शक्यतो नको. घुसायला सोपी, पण कमिटीला वाटतं तुम्हाला तुमच्या बाबांनीच पाठवलंय, आणि जे लहानपणापासून बघितलंय ते डोळ्यांना दिसतच नाही. मैत्रिणीची सोसायटी बघा, तिच्या आईला सेक्रेटरींशी ओळख करून द्यायला सांगा, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र द्या आणि पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमन काकांनाही सांगून ठेवा की मी कशासाठी येतोय. हे शेवटचं लोक विसरतात, आणि सोसायटीतलं सगळ्यात जास्त माहिती असणारं माणूस पहिल्याच दिवसापासून तुमच्याकडे संशयानं बघायला लागतं.

आधी कागद गोळा करा. उपविधी म्हणजे सोसायटीचे स्वतःचे लेखी नियम, सभांची इतिवृत्तं, ऑडिट रिपोर्ट, नोटीस बोर्डावरची पत्रकं. सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असेल तर हे असायलाच लागतं, वार्षिक सर्वसाधारण सभाही ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे जूनमध्ये सुरुवात केलीत तर सभा तुमच्या फील्डवर्कमध्ये आपोआप येते. मंडळ घेतलं असेल तर वर्गणीची पावती पुस्तकं, पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी, आणि दरवर्षी छापतात तो जाहिरातींनी भरलेला अहवाल. अहवालातल्या जाहिराती नीट बघा हां, मंडळाचे संबंध कुणाकुणाशी आहेत याचा त्याहून चांगला नकाशा कुठे मिळत नाही.

कागदावरून एक तक्ता काढा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सदस्य, खाली मॅनेजर. हा तक्ता म्हणजे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं सांगितलेली नोकरशाही: पदांची उतरंड, लेखी नियम, फायली, आणि पद वेगळं माणूस वेगळं. तक्ता काढून झाला की बाजूला ठेवा, फाडू नका, शेवटी लागणारे.

आता खरं काम. 'इथे सत्ता कुणाकडे आहे' असं कुणालाही विचारू नका. उत्तर एकच येतं, "आमच्याकडे सगळं सहमतीनं चालतं." त्यापेक्षा एक काम पकडा आणि ते सुरू होतं तिथपासून मिटतं तिथपर्यंत त्याच्या मागे मागे जा. पावसाळ्यात असाल तर टेरेसची गळती, उन्हाळ्यात टँकर, आणि पुण्याच्या कडेला वाघोली-उंड्रीकडे राहत असाल तर टँकरला सीझन असा नसतोच.

टँकर घेऊ. टाकीतलं पाणी कमी झालंय हे पहिल्यांदा कळतं कुणाला? पंप चालू-बंद करणाऱ्याला. तो फोन कुणाला करतो, मॅनेजरला की डायरेक्ट सेक्रेटरीला? टँकरवाल्याचा नंबर कुणाच्या मोबाइलमध्ये आहे? टँकर पूर्ण भरलेला आलाय का हे बघतं कोण, चिठ्ठीवर सही कुणाची, पैसे महिनाअखेरीला की रोख, आणि बी विंगला पाणी आलं नाही तर शिव्या कोण खातं? प्रत्येक टप्प्याला माणूस, वेळ, फोन की कागद, एवढं वहीत लिहा. असे चार-पाच टँकर झाले की लक्षात येतं, अध्यक्षांचं नाव वहीत जेमतेम एकदा आलंय आणि पंपवाल्या मामांचं पानापानावर आहे.

हे फक्त पुण्यातलं नाही. मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास केला, त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६४ ला आलं. कारखान्यात सगळं नियमानं बांधलेलं, बढती कशी, बदली कशी, कुणी काय करायचं, सगळं ठरलेलं, साहेबालाही फारसं काही ठरवता येत नव्हतं. फक्त एकच गोष्ट आधी सांगता यायची नाही, मशीन कधी बंद पडेल. आणि ते दुरुस्त करणं फक्त मेंटेनन्सवाल्यांनाच जमायचं. त्यांनी दुरुस्तीची माहिती कागदावर राहूच दिली नव्हती, सगळं डोक्यात आणि तोंडी. बाकी कामगारांची कमाई मशीन चालण्यावर, त्यामुळे तक्त्यात खाली असलेल्या मेंटेनन्सवाल्यांना सगळे वचकून असायचे. क्रोझिएचं म्हणणं असं की जिथे अनिश्चितता आहे तिथे सत्ता साचते, आणि ती अनिश्चितता ज्याच्या हातात तो ती सहजासहजी सोडत नाही. मग आपल्या सोसायटीत जाऊन बघा, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा हे कुठे लिहिलेलं आहे का. बहुतेक नसतंच. कुणी लिहायला गेलं की मामांना नेमकं तेव्हा दुसरं काम निघतं.

मुलाखती यानंतर घ्या, आणि अध्यक्षांपासून सुरुवात करू नका, नाहीतर तुम्ही त्यांचे म्हणून शिक्का बसतो. खालून वर या. प्रश्न 'का' नं सुरू करू नका. "तुम्ही भाडेकरूंना सभेला का बोलवत नाही?" म्हटलं की समोरचा कोर्टात उभा राहिल्यासारखा बोलतो. "मागच्या वेळी पार्किंगचं भांडण झालं तेव्हा काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा ना" असं म्हणा आणि गप्प बसा. मधे चहा येईल, विषय भरकटेल, भरकटू द्या. रेकॉर्डिंगला परवानगी विचारा, नाही म्हटले तर हट्ट नको, जिना उतरल्या उतरल्या लिहून काढा.

सभेत मागच्या रांगेत बसा आणि कोण काय बोललं यापेक्षा कोण बोलल्यावर बाकीचे गप्प झाले ते टिपा. इतिवृत्तात एक वाक्य सापडेल, 'गणसंख्येअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात आली', आणि मग त्याच खुर्च्यांवर त्याच लोकांनी पुढचे ठराव मंजूर केलेले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्सनं १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाबद्दल जे लिहिलं ते इथे अगदी फिट बसतं, संघटना कितीही लोकशाहीवादी असू दे, शेवटी कारभार मूठभरांच्या हातात जातो. त्याला त्यानं पोलादी नियम म्हटलं. पण मला हे नेहमी अर्धवट वाटतं. सोसायटीत ते मूठभर लोक सत्तेला चिकटलेले असतात की दुसरं कुणी यायलाच तयार नाही म्हणून अडकलेले असतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं निघतं, म्हणून मिशेल्सचं नाव टाकून मोकळे होऊ नका, शोधा.

कुणीच पाळत नाही असे नियम वेगळे लिहून ठेवा. 'पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत' या पाटीखालीच पाहुण्यांच्या गाड्या. आल्विन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका जिप्समच्या कारखान्यात असंच बघितलं होतं, धूम्रपान बंदी होती पण ना कामगार पाळायचे ना साहेब, विम्याचे लोक तपासणीला येणार म्हटलं की तेवढ्यापुरती सगळ्यांच्या सिगारेटी गायब. नियम बाहेरच्यांसाठी असतो तेव्हा तो मोडण्यावरून आत भांडण होत नाही. म्हणून विचारायचं हे की कुठला नियम मोडला की भांडण होतं आणि कुठला मोडला की कुणी बघतसुद्धा नाही, आणि तोच नियम भाडेकरूनं मोडला तर?

कमिटीतल्या राखीव जागाही बघा. महिलांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी, इतर मागासवर्गीयांसाठी जागा असतात. कागदावर त्या भरलेल्या आहेत की रिकाम्या? महिला सदस्य म्हणून नाव आहे त्या काकू मीटिंगला येतात की त्यांचे मिस्टर येतात? मायर आणि रोवन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की संघटनेची औपचारिक रचना बऱ्याचदा बाहेर मान्यता मिळावी म्हणून असते, रोजचं काम तिच्यापासून वेगळं चालतं. हे वाक्य अवघड वाटत असेल तर काकूंच्या मिस्टरांना भेटा. जातीबद्दल थेट विचारलंत तर "आमच्याकडे असलं काही नाही" ऐकू येईल. फ्लॅट भाड्यानं देताना, सत्यनारायणाला, नॉनव्हेजच्या वासावरून कोण काय बोलतं तिथे कान ठेवा.

सगळ्यात जास्त डोकं लावायची जागा म्हणजे संघटनेची हद्द. सोसायटीत आहे कोण? कायद्यानं सभासद. भाडेकरू तिथे दहा वर्षं राहिला तरी सभासद होत नाही. वॉचमन एजन्सीचा, झाडलोट कॉन्ट्रॅक्टरची, आणि रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताई बऱ्याच ठिकाणी 'स्वच्छ'च्या. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते, तिच्यामागे १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. म्हणजे गंमत बघा, तुमच्या सोसायटीत रोज पाऊल टाकणारी ही बाई एका सहकारी संस्थेची सभासद आहे, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला ते सुख नाही. रोज सोसायटी चालवणारे बरेचसे लोक तक्त्यात कुठेच नसतात. आता तो बाजूला ठेवलेला तक्ता काढा आणि टँकरच्या वहीतली नावं त्याच्यावर दुसऱ्या रंगात लिहा. जिथे दोन रंग जुळत नाहीत ते तुमचं मुख्य प्रकरण.

एक इशारा. तुम्ही तिथे बसलाय म्हणून लोक वेगळं वागतात, त्यांना तुमची सवय व्हायला वेळ लागतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक महिनोन् महिने बसून होता, म्हणून तर त्याला दिसलं की दिवसाला किती काम करायचं हे पोरांनी आपसात ठरवलंय आणि जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसतो. दोन रविवार जाऊन हे दिसणार नाही. फक्त प्रश्नावली भरून तर अजिबात नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली ती कुटुंबांची होती, तिथे प्रश्नावली बरोबरच, आगरकर रोडवर त्यांच्याच नावाच्या लायब्ररीत जाऊन ती जरूर चाळा. पण संघटना ही माणसांमधल्या व्यवहारात असते, ती घरटी फॉर्म वाटून हाती लागत नाही.

लिहिताना वेबरवर पहिली आठ पानं घालवू नका, परीक्षकांनी वेबर वाचलेला असतो. पहिल्या पानावर टँकर आणा, थिअरी जिथे लागेल तिथे. नावं बदला, पण नुसती नावं बदलून भागत नाही, साठ फ्लॅटच्या सोसायटीत 'सेक्रेटरी, निवृत्त बँक अधिकारी' लिहिलं की सगळ्यांना कळतं. पेशा बदला, मजला बदला, परिसर 'पश्चिम उपनगर' एवढाच ठेवा. पंपवाल्या मामांच्या बाबतीत तर जास्तच जपा, तुमच्या प्रोजेक्टमुळे कमिटीनं व्हॉल्व्हची यादी करून घेतली आणि त्यांना काढलं तर मार्क कितीही मिळाले तरी काय उपयोग. सेक्रेटरी म्हणतील "छापायच्या आधी आम्हाला दाखव." तथ्यं तपासायला दाखवा, टँकरचे दर, तारखा, ठराव क्रमांक. विश्लेषणाची पानं दाखवायची की नाही हे गाइडशी बोलून आधीच ठरवा आणि ते पहिल्या पत्रातच लिहून टाका, नाहीतर सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कमिटीच्या मीटिंगला तुम्हालाच बोलावणं येईल.