जीन थेरपीवर प्रोजेक्ट करायचाय? आधी हिरव्या पेशी मोजायला शिका

डेझर्टेशनचा विषय विचारला की प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन जण तरी 'सिकल सेलवर क्रिस्पर (जीन कापून बदलणारी) थेरपी' असं लिहून देतात. विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या मुलांनी हा आजार जवळून पाहिलेला असतो, त्यामुळे ओढ खरी असते. अडचण वेळेची आहे. बीसीएल११ए हा जीन गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढे बंद ठेवतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्यावर आधारलेली सिकल सेलची क्रिस्पर थेरपी, कॅसजेव्ही, मंजूर व्हायला २०२३ साल उजाडलं. तुमच्या हातात सहा महिने, त्यातला एक परवानग्या आणि ऑर्डरींत जाणार.

म्हणून प्रश्न लहान घ्या: हा जीन या पेशीत पोचला का, किती टक्के पेशींत पोचला, आणि त्यातून प्रोटीन बनलं का? जीनसोबत जीएफपी हा हिरवा चमकणारा प्रोटीन बनवणारा जीन जोडला की हिरव्या पेशी मोजून हे कळतं. एवढ्याचं आकड्यांत उत्तर देता आलं तर प्रोजेक्ट उत्तम झाला. यापुढचं सगळं याच तीन प्रश्नांबद्दल आहे.

आधी मोजपट्टी घ्या

पेपर वाचताना पहिला हिशोब जागेचा करावा. जीन पेशीत नेणाऱ्या वाहनाला व्हेक्टर म्हणतात; एएव्ही हा त्यातला एक छोटा व्हायरस. एएव्हीत डीएनएचे सुमारे ४,७०० बेस (अक्षरं) मावतात. दोन्ही टोकांचे आयटीआर (आयकराचे नव्हेत, व्हायरसला लागणारे टोकाचे तुकडे) १४५-१४५ बेसचे, म्हणजे २९० गेले. जीन चालू करणाऱ्या सीएमव्ही प्रमोटरला सुमारे ६००, जीनचा शेवट दाखवणाऱ्या पॉली-ए सिग्नलला २००-२२५. जीनसाठी उरले साधारण ३,६००. आता जीन बसवून बघा. लक्सटर्ना या अंधत्वावरच्या थेरपीतला आरपीई६५ सुमारे १,६०० बेसचा, आरामात बसतो. हिमोफिलिया-ए मधला फॅक्टर ८ पूर्ण घेतला तर ७,००० च्या आसपास जातो. त्याचा बी-डोमेन काढला तरी ४,४०० उरतात, म्हणजे प्रमोटर अगदी छोटा शोधावा लागतो. स्नायूंच्या आजारातला डिस्ट्रोफिन तर ११,००० च्या घरात. क्रिस्परची नेहमीची कात्री, एसपीकॅस९, एकटीच ४,१०० खातो, म्हणून एएव्हीवाले ३,२०० च्या एसएकॅस९ कडे वळतात.

लेंटिव्हायरस या दुसऱ्या व्हेक्टरमध्ये जागा जवळपास दुप्पट असते, पण तो स्वतःला पेशीच्या डीएनएत घुसवतो. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने हिमोफिलिया-ए च्या पाच रुग्णांवर केलेली, डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी लेंटिव्हायरसचीच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ ही कार-टी (रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडणारी) थेरपीसुद्धा लेंटिव्हायरसच वापरते. हा हिशोब वहीत एका पानावर करा. व्हायवात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, 'हाच व्हेक्टर का?'

प्लाझ्मिड

मागवलेलं प्लाझ्मिड (जीन बसवलेलं डीएनएचं गोल कडं) आलं की थेट पेशींवर घालायचा मोह होतो. घालू नका. मिनीप्रेप (बॅक्टेरियातून प्लाझ्मिड काढणं), रिस्ट्रिक्शन डायजेस्ट (एन्झाइमने कापून तपासणं), मग सिक्वेन्सिंग, याच क्रमाने जा. एएव्हीच्या प्लाझ्मिडमध्ये आयटीआर हा कच्चा दुवा असतो: बॅक्टेरिया वाढताना तो तुकडा गाळून टाकतात आणि बाकी प्लाझ्मिड धडधाकट दिसतं. म्हणून एसटीबीएल३ सारखा रिकॉम्बिनेशन न करणारा स्ट्रेन घ्या, ३० अंशांवर वाढवा आणि प्रत्येक नव्या प्रेपला आयटीआरमध्ये कापणाऱ्या एसएमए-१ ने कापून बघा. हे एन्झाइम २५ अंशांवर चालतं. सवयीने ३७ ला ठेवलं की अर्धवट कापतं आणि आयटीआर गेलाय असा उगाच संशय येतो.

डीएनएची शुद्धता मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते १.९ आणि २६०/२३० दोनच्या आसपास हवं. दुसरा आकडा १.२ असेल तर कॉलममधलं मीठ आणि ग्वानिडीन सोबत आलंय. एक जादा वॉश द्या. ट्रान्सफेक्शनला, म्हणजे पेशींत डीएनए घालायला, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) काढलेलं मिडीप्रेप वापरा.

पेशी

एचईके२९३टी (माणसाच्या मूत्रपिंडातून निघालेल्या) पेशी पुण्याच्या एनसीसीएससारख्या भांडारातून घ्याव्यात. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणला तर सोबत मायकोप्लाझ्मा येण्याची शक्यता बरीच असते. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे मीडियातलं पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करत नाही. मीडिया गढूळही होत नाही. फक्त पेशी मंदावतात आणि ट्रान्सफेक्शन कारण न कळता घसरतं. पीसीआरने तपासा, किंवा डीएपीआयने रंगवून केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसतात का बघा.

पेशी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आठ-दहा व्हायल गोठवा: प्रत्येकी १० ते २० लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ, रात्रभर उणे ८०, मग लिक्विड नायट्रोजन. उणे ८० मध्येच महिनोन्‌महिने ठेवलेल्या व्हायल उन्हाळ्यातल्या एका लोडशेडिंगमध्ये जातात. विसाव्या पासाजनंतर (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेरीनंतर) नवी व्हायल काढलेली बरी. आणि या पेशी तळाला सैल चिकटतात. धुण्याचं पीबीएस थेट त्यांच्यावर सोडलं तर निम्म्या वाहून जातात. डिशच्या कडेने सोडा.

पहिलं ट्रान्सफेक्शन

सहा वेलची (खळग्यांची) प्लेट घ्या. आदल्या दिवशी प्रत्येक वेलमध्ये ५ लाख पेशी पेरा; दुसऱ्या दिवशी ६० ते ७० टक्के जागा भरलेली हवी. २ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड २०० मायक्रोलिटर बिनसीरमच्या मीडियात मिसळा. त्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचं, पीएच ७ ला आणलेलं पीईआय (डीएनएला पेशीत नेणारं रसायन) ६ मायक्रोलिटर घाला, म्हणजे वजनाने एकास तीन. लगेच व्हॉर्टेक्स करा, १५ मिनिटं थांबा आणि थेंब-थेंब सोडा. इथे सीरम चालत नाही, कारण त्यातली प्रोटीन्स पीईआयला धरून बसतात. अर्धा तास विसरलात तर कण मोठे होतात आणि पेशी मरतात.

सहा वेल कशा वाटायच्या? एक नुसत्या पेशींची, एक फक्त पीईआयची, एक रिकाम्या प्लाझ्मिडची, एक खात्रीच्या जीएफपी प्लाझ्मिडची आणि दोन तुमच्या. चौथी वेल सोडायची नाही, ती पंचाची जागा आहे. ४८ तासांनी तीही फिकट असेल तर दोष पेशींत किंवा पीईआयमध्ये. ती हिरवीगार आणि तुमच्या दोन काळ्या असतील तर दोष प्लाझ्मिडमध्ये. ही वेल नसेल तर महिनाभर अंदाज बांधत बसावं लागतं.

आणखी एक: एकाच दिवशी एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पासाजच्या पेशींवर केलं तरच 'एन बरोबर ३' लिहा.

लेंटिव्हायरस आणि टायटर

हे हातात बसल्यावर व्हायरस बनवायला १० सेंटीमीटरची डिश. आदल्या दिवशी ५० लाख पेशी; मग एकूण १० मायक्रोग्रॅम डीएनए: तुमचा जीन असलेलं ट्रान्सफर प्लाझ्मिड ५, व्हायरसचे भाग बनवणारं पीएसपॅक्स२ ३.७५, आवरण बनवणारं पीएमडी२.जी १.२५, आणि पीईआय ३० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी मीडिया बदला. ४८ आणि ७२ तासांनी वरचा मीडिया गोळा करा, ५०० जी वर १० मिनिटं फिरवा, ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस फिल्टरमधून गाळा. ०.२२ च्या फिल्टरमध्ये व्हायरस अडकतो, नायट्रोसेल्युलोजला चिकटतो. लहान-लहान व्हायल करून उणे ८० ला ठेवा. वितळवून पुन्हा गोठवलं की टायटर (मिलिलिटरमागे पेशींत शिरू शकणारे व्हायरस) घसरतं.

टायटरचा हिशोब सोपा आहे. १ लाख पेशींवर १० मायक्रोलिटर व्हायरस घातला, ७२ तासांनी फ्लोवर (पेशी एकेक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) १२ टक्के हिरव्या दिसल्या. १,००,००० गुणिले ०.१२ भागिले ०.०१ मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरला १२ लाख. पेशींची संख्या व्हायरस घालतानाची घ्यायची, फ्लोच्या दिवशीची नाही. आणि २ ते २० टक्क्यांच्या मधलंच डायल्युशन मोजायचं. ६३ टक्के पेशी हिरव्या असतील तर दर पेशीमागे सरासरी एक व्हायरस शिरलेला असतो. काहींत तीन, काहींत शून्य. तिथे टायटर खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. मीडियाबरोबर वाहून आलेलं प्लाझ्मिडही पहिले काही दिवस हिरवं दाखवतं, म्हणून शंका असेल तर दोन-तीन पासाजनंतर पुन्हा मोजा.

कागदपत्रं

हे काम संस्थेच्या आयबीएससीच्या (जैवसुरक्षा समितीच्या) मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. बैठक रोज होत नसते, अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. त्यात व्हेक्टर, जीन, पेशी, बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) ची सोय आणि कचरा कसा नष्ट करणार हे लिहावं लागतं. व्हीएसव्ही-जी चं (पीएमडी२.जी मधून येणारं) आवरण असलेला व्हायरस माणसाच्या बहुतेक सगळ्या पेशींत शिरतो. जीन जर कर्करोगाला चालना देणारा असेल तर समिती थांबवणारच. काचेचा पिपेट आणि सुई हूडमध्ये (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात) नको. द्रव कचऱ्यात १० टक्के ब्लीच, किमान अर्धा तास; ब्लीच घातलेलं ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, विषारी वायू सुटतो. आयसीएमआरची २०१९ ची जीन थेरपीची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून ठेवा. रुग्णांच्या पेशी वापरायच्या असतील तर एथिक्स समितीही लागते.

कॉलेजात हूडच नसेल तर संगणकावरचा प्रोजेक्ट कमी दर्जाचा समजू नका. क्रिस्पॉर या वेबसाइटवर बीसीएल११ए च्या एन्हान्सरसाठी (जीन वाढवून चालवणाऱ्या तुकड्यासाठी) गाइड आरएनए (कात्रीला जागा दाखवणारा) शोधा, ऑफ-टार्गेट (चुकून कापल्या जाणाऱ्या) जागा काढा, बेंचलिंग या डीएनए आखायच्या साइटवर पूर्ण व्हेक्टर बांधून जागेचा हिशोब मांडा. हे कागद हातात घेऊन एखाद्या लॅबला मेल केलात तर उत्तर यायची शक्यता वाढते. मेलमध्ये त्यांच्या पेपरमधली एक आकृती, तिच्याबद्दल एक प्रश्न, स्वतःच्या हाताने केलेल्या टेक्निक्स आणि मोकळ्या महिन्यांच्या तारखा द्या. 'लहानपणापासून जेनेटिक्सची आवड' वगळा, ते सगळेच लिहितात.