जुनी पुस्तकं ऑनलाइन घेताना

विक्रेत्याने ‘चांगल्या स्थितीत’ लिहिलं, म्हणजे काहीच सांगितलं नाही. पैसे देण्याआधी चार फोटो मागा: पुस्तकाची पाठ, आवृत्ती-वर्षाचं पान, शेवटचं पान, मधली शिवण. ‘पानं पूर्ण आहेत का, कसर किंवा ओल लागली आहे का?’ हे लेखी विचारा. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात जुन्या गोंदाची बांधणी तडकते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मागवताना शिवलेल्या बांधणीची प्रत बरी.

पार्सल उघडताना लेबलपासून अखंड व्हिडिओ काढा आणि लगेच पानांचे क्रमांक तपासा. छपाई बहुधा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये (एकत्र छापून दुमडलेल्या जुडीत) होते, त्यामुळे गळलं तर सलग सोळा पानंही गळलेली असू शकतात. वरवर चाळून ते कळत नाही.

तक्रार त्याच दिवशी, जाहिरातीच्या स्क्रीनशॉटसह. किरकोळ डाग असेल तर परत पाठवण्यापेक्षा थोडे पैसे परत मागणं सोयीचं. परताव्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. मागितला तर फसवणूक समजा.

वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा. त्यापुढे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिथे राहता तिथला जिल्हा ग्राहक आयोग. मात्र घरातली रद्दी विकणारी व्यक्ती सहसा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही.