अँतेकेराला जाताय? या चुका टाळा (आम्ही यातल्या निम्म्या केल्यात)

आपली मंडळी स्पेनला गेली की मलागाला उतरतात, ग्रॅनडाला अल्हाम्ब्रा बघतात आणि वाटेत अँतेकेरा लागतं म्हणून तेही "दोन तासांत उरकू" असं म्हणत प्लॅनमध्ये कोंबतात. आम्हीपण तेच केलं, आई-बाबांना घेऊन, आणि पहिल्या दिवशी धड काहीच बघून झालं नाही. कारण गाव दिसतं चाळीसेक हजार वस्तीचं, मॅपवर सगळं जवळजवळ वाटतं, पण बघण्यासारखं बरंचसं गावाच्या बाहेर पसरलंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या अर्ध्या चुका होतच नाहीत.

सुरुवात स्टेशनापासूनच होते. तिकीट काढताना "अँतेकेरा-सांता आना" दिसलं, आम्ही खूश, थेट हायस्पीड ट्रेन! उतरलो तर आजूबाजूला शेतं आणि पार्किंग, गाव १५ किलोमीटरपेक्षा जास्त लांब. पुढची बस कधी ते बोर्डवर शोधत आम्ही चौघं उन्हात उभे, बाबा म्हणाले, "हे म्हणजे नावाला अँतेकेरा." गावाला लागून आता वेगळं हायस्पीड स्टेशन झालंय, ग्रॅनडाच्या लाइनवर, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा बुकिंग करताना स्टेशनचं पूर्ण नाव वाचा. सांता आनाचंच तिकीट मिळालं तर बस किंवा टॅक्सीची सोय आधी बघून ठेवा. मलागाहून साधी बस गावातच आणून सोडते, ती उलट सोपी पडते.

दुसरी चूक म्हणजे सोमवार. डॉल्मेन (प्रचंड शिळांची प्राचीन थडगी) सोमवारी बंद आणि कामिनितो देल रेय (कड्याला टांगलेली पायवाट) पण सोमवारी बंद, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी लोक लांबून येतात त्या दोन्ही गेल्या. सोमवारच हातात असेल तर तोर्कालचे डोंगर करा, ते उघडे असतात, आणि डॉल्मेन मंगळवारी सकाळी.

आता डॉल्मेनबद्दल जरा सविस्तर, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. डॉल्मेन म्हणजे प्रचंड दगडी शिळा उभ्या-आडव्या रचून केलेली दफनाची दालनं. २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मेंगा हे त्यातलं सगळ्यात मोठं, साडेपाच हजार वर्षांहून जुनं, आणि त्याच्या छताची सगळ्यात जड शिळा साधारण १५० टनांची. क्रेन नाही, लोखंड नाही, तरी ती वर बसवली! लोक आत जातात, खांबांमधून चालत टोकाशी जातात, तिथली खोल विहीर वाकून बघतात, फोटो काढतात आणि बाहेर. चूक इथेच होते. टोकाशी पोचलात की मागे वळा आणि दाराकडे बघा. दाराच्या चौकटीत बरोब्बर मधोमध एक डोंगर दिसतो, पेन्या दे लोस एनामोरादोस, म्हणजे प्रेमिकांचा कडा. आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो, कपाळ, नाक, हनुवटी सगळं. एक मुसलमान मुलगी आणि ख्रिश्चन मुलगा पाठलाग चुकवत वर चढले आणि तिथून हातात हात घालून उडी मारली अशी दंतकथा सांगतात. पण गंमत अशी की अशी थडगी बहुतेक वेळा उगवत्या सूर्याच्या दिशेला असतात आणि मेंगाचं तोंड मात्र सूर्य कधी उगवतच नाही इतकं उत्तरेकडे वळवलंय, म्हणजे त्या लोकांनी सूर्य सोडून हा डोंगर निवडला. शेजारचं विएरा मात्र नेमाने सूर्याकडे तोंड करून आहे, मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सकाळचं ऊन थेट आत शिरतं.

तिसरं डॉल्मेन आहे रोमेराल, आणि ते त्याच आवारात असेल असं धरून आम्ही चाललो होतो. नाहीये. गावाबाहेर काही किलोमीटरवर वेगळंच आहे, पायी जायचं तर उन्हात रस्त्याच्या कडेने, त्यामुळे गाडी किंवा टॅक्सी बघा. पण सोडू नका, ते वेगळ्या पद्धतीचं आहे, छोटे दगड एकेक पुढे सरकवत घुमटासारखं बांधलंय, आणि त्याचं तोंड तोर्कालच्या डोंगरांकडे.

एल तोर्कालला आम्ही सगळ्यात जास्त फसलो, खरं सांगते. गावापासून साधारण १४ किलोमीटर, वर चढत चढत सुमारे १२०० मीटर उंचीवर. गावात कडक ऊन म्हणून टी-शर्टवर गेलो आणि वर धुकं आणि बोचरा वारा, आईने तर ओढणी डोक्याला गुंडाळली. ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाची चुनखडी वर उचलली गेली आणि पावसापाण्याने झिजत गेली, त्यामुळे दगडाचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक दिसतात. दगडात शंखासारखे गोल जीवाश्म सापडतात, ते खिशात घालायचे नाहीत, संरक्षित जागा आहे.

इथे आपल्या सह्याद्रीवाल्यांची खास चूक होते, "अरे राजगड केलाय, हे काय दीड किलोमीटर" असं म्हणून साध्या सँडलवर निघायचं. हिरव्या खुणांची वाट दीड किलोमीटरची आहे खरी, पिवळी त्याच्या दुपटीने, पण वाट म्हणजे दगडांमधून वर-खाली, आणि गुळगुळीत झालेली चुनखडी ओली असली की साबण लावल्यासारखी सटकते. ग्रिपवाले बूट घाला. आणि खांबावरचा बाण दिसला नाही तर पुढे "इकडेच असेल" म्हणून जाऊ नका, शेवटच्या खांबापर्यंत मागे या. सगळे दगड सारखेच दिसतात, धुक्यात तर दहा पावलांवरचा माणूस दिसेना आम्हाला, नवरा हाक मारत होता आणि आवाज भलतीकडूनच येत होता.

वर नेहमीची बस जात नाही. टॅक्सी करणार असाल तर थांबायचं आणि परत आणायचं हे आधीच बोलून घ्या. स्वतःच्या गाडीने गर्दीच्या दिवशी गेलात तर वरचं पार्किंग भरल्यावर खालीच अडवतात आणि तिथून शटलने पाठवतात, म्हणून सकाळी लवकर निघा. गुडघ्यांचा त्रास असेल तर पार्किंगजवळचा व्ह्यूपॉइंट आहे, लास व्हेंतानियास, पाच मिनिटांची सोपी वाट, बाबा तिथेच निवांत बसले आणि आमच्यापेक्षा जास्त रानबोकड त्यांनाच दिसले!

कामिनितो देल रेयसाठी वेगळा दिवस काढा, गाडीने तासभर लागतो. १९०१ ते १९०५ मध्ये जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी कड्याला टांगलेली ही वाट, १९२१ मध्ये राजा आल्फोन्सो १३वा त्यावरून गेला म्हणून हे नाव, नंतर मोडकळीला आली आणि दुरुस्त होऊन २०१५ मध्ये उघडली. तिकीट आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, बऱ्याच आधी संपतात. ८ वर्षांखालच्या मुलांना सोडतच नाहीत, तेव्हा लहान पोरं असतील तर बुकिंग करूच नका. तिकिटावरची वेळ ही आतल्या गेटची असते, गाडी लावल्यापासून तिथपर्यंत चालायलाच अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. आणि वाट एकाच दिशेने आहे, उत्तरेला आर्दालेसकडून शिरायचं आणि दक्षिणेला एल चोरोला बाहेर पडायचं, म्हणजे तुमची गाडी दुसऱ्या टोकाला राहते, परतीला शटल बस आहे. हेल्मेट तिथेच देतात.

गावात फिरताना आल्काझाबाचा किल्ला आणि १५८५ ची जायंट्सची कमान सकाळी करा. दुपारी दोनच्या पुढे दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जेवणाची वेळही दोन ते चार, पाचला गेलात तर किचन बंद असतं आणि रात्रीचं जेवण साडेआठ-नऊशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे पिशवीत काहीतरी खायला असू द्या. शाकाहारी लोकांनी पोर्रा मागवताना सावध. टोमॅटो आणि पाव वाटून केलेला गारेगार घट्ट प्रकार आहे, चवीला मस्त, पण वर टूना, हॅम आणि अंडं घालतात. नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि टूना त्यांच्या हिशेबात मांस नाहीच, "सिन हामोन, सिन आतून" (हॅम नको, टूना नको) असं नाव घेऊन सांगा. आईची प्लेट दोनदा परत गेली, तिसऱ्यांदा आली तेव्हा वर फक्त अंडं होतं, ते तिने बाबांच्या ताटात सरकवलं आणि खायला लागली.