रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच का? हिशेबातल्या या चुका टाळा

एखादा आजार हजारात एकाला असतो आणि त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग ज्याच्या लक्षणांविषयी काहीच ठाऊक नाही अशा माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यास त्याला आजार असण्याची शक्यता किती? हार्वर्ड मेडिकल स्कूलशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना विचारलेला हा प्रश्न १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक लोकांचे उत्तर ९५ टक्के होते. सुमारे २ टक्के हे बरोबर उत्तर फक्त ११ जणांनी दिले. चाचणीतून एकही रोगी सुटत नाही असे धरले, तरी हजारांत खरा आजारी एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले सुमारे पन्नास. चाचणी चुकू शकते हे प्रश्नातच सांगितलेले होते. ती किती निरोगी माणसांवर चुकणार, एवढेच मोजायचे राहिले.

याहून अवघड चूक म्हणजे शक्यतांची यादीच अपुरी असणे. टायफॉइडसाठी आपल्याकडे सर्रास होणारी विडाल चाचणी जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजते. ती पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे, लसीमुळे किंवा मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही वाढलेली दिसू शकतात. ज्याला हे माहीत नाही तो या कारणांच्या वाट्याला नकळत शून्य शक्यता देतो, आणि मग आजाराचे मूळ प्रमाण, म्हणजे चाचणीआधीच तो किती जणांना असतो हे, कितीही काटेकोर घेतले तरी उत्तर चुकतेच.

उलट, इंटरनेटवर दहा आजारांची नावे वाचून प्रत्येकाला सारखेच वजन देणारेही कमी नाहीत.

मूळ प्रमाण कोणत्या गटाचे घ्यायचे, हेही पाहावे लागते. आठ दिवस ताप असलेला रुग्ण रस्त्यावरून सहज उचललेल्या हजारांतला एक नसतो. त्याच्यासाठी त्या भागात, त्या हंगामात अशाच तापाने आलेल्या रुग्णांमधले प्रमाण हवे. संपूर्ण लोकसंख्येचा आकडा लावून त्याला 'काही नाही' म्हणणे तितकेच घातक आहे.

शंका आली की तीच चाचणी लगेच दुसऱ्या लॅबमध्ये करण्याचा सल्ला हमखास मिळतो. पण प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची असतील, तर दुसरी लॅबही तीच मोजणार. अशा वेळी प्रत्यक्ष जंतू शोधणारे ब्लड कल्चर, आणि तेही शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी, करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.