ओव्हरलोड रिलेचा काटा नेमका कुठे ठेवायचा?

निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या १० एचपी मोटरी सर्रास स्टार-डेल्टा स्टार्टरवर (आधी ‘स्टार’ जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग ‘डेल्टा’ जोडणीत चालवणाऱ्या) चालतात. नेमप्लेटवर १४ अँपिअर दिसले, की ओव्हरलोड रिलेचा (करंट ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाचा) काटाही १४ वर, असं बरेच जण करतात. गडबड इथेच होते.

आधी रिले कुठे जोडलाय ते बघा. अर्थात मेन स्विच पाडूनच. बहुतेक स्टार्टरमध्ये तो मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरला लाइन जोडणाऱ्या स्विचच्या) खाली, मोटरकडे जाणाऱ्या सहापैकी तीन वायरींवर असतो. डेल्टात त्या वायरींतून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. म्हणजे १४ गुणिले ०.५८, साधारण ८.१ अँपिअर. काटा तिथे हवा. १४ वर ठेवलात तर मोटर जळेपर्यंत रिले ढिम्म हलणार नाही. रिले येणाऱ्या लाइनवरच असेल किंवा स्टार्टर डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) असेल, तर मात्र नेमप्लेटचाच आकडा.

रिले वारंवार ट्रिप होऊन मोटर बंद पडतेय म्हणून वायरमनला ‘दादा, जरा वाढवून द्या’ म्हणू नका. टाँग टेस्टरने (वायरीभोवती धरून करंट मोजायच्या मीटरने) तिन्ही फेज मोजा. तिन्हींत करंट जास्त असेल तर व्होल्टेज पडलंय का, बेअरिंग जाम आहे का ते पाहा; एकाच फेजचा आकडा वेगळा असेल तर सैल लग (वायरीच्या टोकाची जोडणी) किंवा जळका कॉन्टॅक्ट शोधा.

आणि रिलेचा रीसेट ‘हँड’वरच ठेवा, म्हणजे ट्रिप झाल्यावर तो हातानेच दाबावा लागतो. ‘ऑटो’वर रिले थंड होऊन आपोआप रीसेट होतो; मग रात्री लाइट आली की ऑटो स्विच (मोटर आपोआप चालू करणारा) लावलेली मोटर पुन्हा पुन्हा सुरू होते आणि सकाळी रिवाइंडिंगवाल्याचं दार गाठावं लागतं.